मंडळींचा फोटो

धाकू सुर्व्याच्या ओटीवर बसून गुरुजींनी काशीरामचं पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी त्यांना खोकला आला.

काशीराम हा धाकूचा एकुलता एक मुलगा. मराठा पलटणीत होता. सदतीस साली ती पलटण वझिरिस्तानच्या डोंगरांत लढत होती. पत्रात त्याने लिहिलं होतं, "तीर्थरूप बाबांचे चरणी साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. इकडे थंडी फार व गोळीबार रोजचा. तरी मंडळींचा एक फोटो काढून पाठवावा."

त्या काळी बापाला पाठवलेल्या पत्रात बायकोचं नाव घालणारा मुलगा नाचणे गावात जन्मला नव्हता. 'मंडळी' लिहायचं आणि समजणाऱ्याने समजायचं. गुरुजींना समजलं. दाराआड उभ्या असलेल्या राहीला, म्हणजे काशीरामच्या बायकोला, गुरुजींच्या आधी समजलं. धाकूला समजलं नाही.

"मंडळी म्हंजे आमी सगळी," तो म्हणाला. "पोरग्याला घरची याद येतंय."

"तसं नव्हे धाकूशेठ, मंडळी म्हणजे..." गुरुजी म्हणाले, आणि समोर धाकूची बायको येसूबाई बसलेली पाहून पुन्हा खोकले. सासूच्या तोंडावर कसं सांगणार? त्यांनी चहा घेतला आणि ते निघून गेले.

बातमी संध्याकाळपर्यंत वाडीभर झाली. धाकूचा चुलतभाऊ सखाराम दोन वर्षं बांधाच्या भांडणावरून बोलत नव्हता, तो अंगणात येऊन उभा राहिला. "मी मंडळीत बसतंय का नाय, तेवडा सांग." नाही म्हटलं तर भांडण पुढच्या पिढीत जाणार. धाकूने हो म्हटलं. सखाराम आला म्हणून त्याची बायको-मुलं आली. हातखंब्याला दिलेली धाकूची बहीण गोदूबाई बोलावल्याशिवाय आली आणि येताना जाऊबाईला घेऊन आली. आधी लढाईवरच्या माणसाला घरची तोंडं दाखवायची होती. आता कुणाचं तोंड राहिलं, यावरून रुसवे सुरू झाले.

फोटोसाठी रत्नागिरीला निघायच्या दिवशी दोन बैलगाड्या गच्च भरल्या. येसूबाईने मोजदाद केली आणि म्हणाली, "सूनबाय ऱ्हाऊ दे घरी. गुरांकडं बगाया कोनतरी व्हया."

राही पायरीवरून खाली उतरली. "गुरांना दावं हाय. मी येतंय."

सून आजवर जेवायला वाढू का, याच्यापलीकडे कधी बोलली नव्हती. गाडीत जागा नव्हती म्हणून राही रत्नागिरीपर्यंत गाडीमागून चालत गेली.

तिला जायलाच हवं होतं. लग्नानंतर काशीराम एकदाच रजेवर आला होता. भरल्या घरात दिवसाउजेडी तिच्या तोंडावरचा पदर हनुवटीच्या वर कधी गेला नाही. परत जाताना तो पाणंदीत हळूच म्हणाला होता, "तिकडं तुजा तोंड डोळ्यांम्होरं आणाया बगतंय, तर निसता पदर दिसतंय." हे वाक्य राहीच्या मनात रुतून बसलं होतं.

बाजारपेठेतल्या हातिसकर फोटोवाल्याने एवढी माणसं पाहिली आणि कपाळाला हात लावला. त्याच्याकडे एवढा जमाव मावेल अशी मोठी काच एकच शिल्लक होती. "एकदाच निघेल. मी तीन म्हणेपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. हलला त्याचं तोंड पुसून जाईल."

मधल्या खुर्चीवर धाकू, शेजारी येसूबाई, मग मानाप्रमाणे बाकीचे. मान ठरवण्यात बराच वेळ गेला. राहीला शेवटच्या रांगेत उभं केलं आणि येसूबाईने स्वतः उठून तिचा पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला.

हातिसकर काळ्या कापडात शिरला. "तयार. एक..."

राहीने दोन्ही हातांनी पदर मागे टाकला, मान वर केली आणि यंत्राच्या डोळ्यात सरळ बघितलं.

शेजारी गोदूबाई होती. ती कुजबुजली, "वयनी, तुजी सून बग." येसूबाई मागे वळली, "पदर घे गो." धाकू येसूबाईला गप्प करायला वळला. धाकू कशाला वळला हे बघायला सखाराम वळला, आणि सखाराम वळला म्हणून त्याचं अख्खं घर वळलं.

"तीन," हातिसकर म्हणाला.

परतीच्या वाटेवर येसूबाईने विचारलं, "तुला लाज नाय वाटली?"

"वाटली," राही म्हणाली. "पन फोटो निगाल्यावर."

आठवड्याने फोटो आला. पुढे धुरासारखी पांढुरकी पागोटी, पुसलेल्या नथी, पाठमोऱ्या माना. आणि मागे, आत्ताच कुणीतरी हाक मारल्यासारखी, लख्ख राही. कपाळावरचं गोंदणसुद्धा मोजता येत होतं. सखाराम पुन्हा बोलेनासा झाला. धाकूने फोटो कणगीमागे खुपसला. "ह्यो पाठवाचा नाय. फौजेत आमचा हसा होईल."

"नका पाठवू," राही दारातून म्हणाली. "मी जाऊन एकलीचा काडून घेतंय."

ही जाईल, याबद्दल आता घरात कुणालाच शंका नव्हती.

त्याच आठवड्यात पोफळी गावातल्या एका घरी सरकारी तार आली. तिथला मुलगा काशीरामच्याच पलटणीतला. बातमी नाचण्यात पोचली तेव्हा येसूबाई भात सडत होती. तिने मुसळ भिंतीला टेकवलं, कणगीमागून फोटो काढला, पदराने पुसला आणि चपला न घालता चालायला लागली.

"खंय चाललीस?" धाकूने विचारलं.

"पोस्टात."

"मी नको म्हटलंय ना?"

"म्हटलंस. मी आयकलंय." ती थांबली नाही. "पोरगा गोळ्यांम्होरं उबा हाय. घरातला एक तरी तोंड त्येला नीट दिसू दे."

राही तिच्यामागून धावली. दोघी पोस्टात पोचल्या. तिथल्या बाबूने पाकिटावर पत्ता घालताना फोटो निरखायला घेतला, तेव्हा येसूबाई म्हणाली, "बगतंस काय? माजी सून हाय."

मग उत्तराची वाट बघणं आलं. पोस्टमन वाडीत शिरला की धाकू वाटेवरच्या आंब्याच्या बुंध्याशी काहीतरी काम काढायचा. शिमगा आला, गेला. शेवटी काशीरामच्या हातचं पाकीट आलं, तेव्हा गुरुजींना बोलवायला धाकू स्वतः पळाला. वाडी ओटीवर जमली. सखारामसुद्धा कुंपणापाशी आला.

गुरुजी वाचू लागले. "तीर्थरूप बाबांचे चरणी साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे."

येसूबाईने डोळे मिटले. आत एक भांडं हळूच खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"फोटो पावला. फार उत्तम निघाला आहे. रोज बघतो. फक्त पुढे ही गर्दी कुणाची आली आहे, ते कळवावे."

गुरुजींनी दौत पुढे ओढली आणि धाकूकडे बघितलं.

धाकूने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. बराच वेळ तो त्याच्या घड्या नीट करत राहिला.

"लिवा," तो म्हणाला. "त्यात मधी पाटमोरा बसलाय, त्यो तुजा बापूस."