पडद्यामागची मानाची जागा

आमच्या अंगणात परवानगीशिवाय आनंद झाला, ही गोष्ट मी इशेनबाय, गृहसमितीचा सचिव या नात्याने, अत्यंत खेदाने नमूद करतो.

त्याचं असं झालं. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या तिलेकने जूनमधल्या एका संध्याकाळी पॉप्लरच्या दोन झाडांना आपल्या आईची चादर बांधली, कुठूनसा प्रोजेक्टर पैदा केला आणि कोणालाही न विचारता सिनेमा लावला. बिश्केकसारख्या राजधानीच्या शहरात! लोक स्टुलं, गालिचे, चहाच्या किटल्या आणि सूर्यफुलाच्या बिया घेऊन खाली उतरले. गाडी लावण्याच्या जागेवरून एकमेकांचं तोंड न बघणारे दोन शेजारी एकाच लोडाला टेकून बसले. कोणी भाषण केलं नाही, कोणाचा सत्कार झाला नाही, तरी लोक पोट धरधरून हसत होते. आता याला काय म्हणायचं?

मी ताबडतोब वर कळवलं. वाटलं, तिलेकला चांगली समज मिळेल. झालं भलतंच. उत्स्फूर्त संस्कृती विभागाचे संचालक कादिरबेकोव साहेब जातीने आले आणि त्यांनी तिलेकची पाठ थोपटली. शहरात उत्स्फूर्तता वाढवा, असा त्यांना वरून आदेश होता आणि ती कुठे म्हणून सापडत नव्हती.

"चालू ठेवा," साहेब म्हणाले. "फक्त यापुढे जे काही अचानक घडेल, त्याची आम्हाला आधी कल्पना द्या."

"आधी कल्पना दिली तर ते अचानक कसं, बाइके?" तिलेकने विचारलं. बाइके म्हणजे दादा. संचालकाला दादा म्हणणारा मुलगा आयुष्यात पुढे येत नाही, हे मी त्याच क्षणी ओळखलं.

"अचानक ते लोकांसाठी," साहेब म्हणाले. "आमच्यासाठी नाही."

पुढचा सिनेमा कोणता, हे मात्र बुरुलचा नावाच्या आपांनी, म्हणजे थोरल्या ताईंनी, ठरवलं. आपा आमच्या अंगणातल्या सगळ्यात वयस्क. त्या पोरसवदा असताना त्यांच्या गावात सिनेमावाले आले होते. "ए पोरी, हे कोकरू उचल आणि पुलावरून चाल," असं त्यांनी सांगितलं, आपा चालल्या, आणि सिनेमावाले निघून गेले. पुढे तो सिनेमा गावात दाखवला तेव्हा आपा उन्हाळी कुरणावर मेंढ्या राखत होत्या. त्यांचा लहानपणीचा एकही फोटो कुठे नाही. आता तिलेकने तो सिनेमा शोधून काढला होता, आणि इकडे आपांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता.

"लवकर दाव रे बाळा," आपा रोज त्याच्या मागे लागायच्या. "डॉक्टर म्हणतो, आहे तेवढी नजर वापरून घ्या. मला एकदा ती पोर बघू दे. मग अंधार झाला तरी माझी काही तक्रार नाही."

आपांसाठीच हा सगळा खटाटोप, असं साहेबांनीही जाहीर केलं आणि तयारीची बैठक अंगणातच घेतली.

"तोर कुठे?" बसता बसता साहेबांनी विचारलं.

तोर म्हणजे दारापासून सगळ्यात लांबची, मानाची जागा. घरातलं ज्येष्ठ माणूस तिथे बसल्याशिवाय आमच्याकडे कोणी भाकरी मोडत नाही. उंबऱ्याजवळची जागा धाकट्यांची. पण अंगणाला दार कुठलं?

"फाटक हेच दार धरावं," मी म्हणालो. मला मधूनमधून असं सुचतं.

फाटकापासून सगळ्यात लांबची जागा शोधली, तर ती निघाली पडद्याच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांच्या जरा अलीकडे.

"मग पडदाच फाटकाच्या बाजूला बांधू या ना," तिलेक म्हणाला. "सगळ्यांना समोरून दिसेल."

"वा रे शहाण्या!" साहेब कडाडले. "म्हणजे पाहुणे आत आले की पहिलं दर्शन पडद्याच्या पाठीचं?"

पाठीचा विषय निघाला तसा दुसरा प्रश्न उभा राहिला. मानाच्या पाहुण्यांनी चादरीच्या उघड्या पाठीकडे बघायचं हे कसं दिसेल? म्हणून विभागाने मागच्या बाजूला जाड कापडाचा फलक लावायचं ठरवलं. आणि अंधार पडल्यावर जमाव उजेडात असला पाहिजे, असा नियम असल्यामुळे मोठे दिवेही आले. सिनेमाला अंधार लागतो, असं तिलेकने हात जोडून सांगितल्यावर तडजोड निघाली. दिव्यांची तोंडं फक्त मानाच्या पाहुण्यांकडे वळवण्यात आली.

शनिवारी संध्याकाळी आपा आल्या त्या नवा पांढरा रुमाल बांधून. स्टूल हातात होतं. सरळ पडद्यासमोर जाऊन बसायला लागल्या.

"अहो आपा, तिथे कुठे?" मी धावलो. "तिथे उंबऱ्याशी? चपलांजवळ? लोक आमच्या तोंडात शेण घालतील!"

"अरे, पण मला ती पोर बघायचीय!"

"मान आधी, आपा. पोर काय, ती कुठे पळून जातेय?"

दोघांनी दंडाला धरून त्यांना मागे नेलं आणि मधल्या खुर्चीत बसवलं. शेजारी साहेब. मग साहेबांचे सहकारी. मग मी. दुसऱ्या जिन्यातल्या दंतवैद्य बाई पडद्यापुढे बसल्या होत्या. त्यांनी पडद्यामागे वाकून पाहिलं आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"इशेनबाय मागे आणि मी पुढे? मी काय इथे चपला सांभाळायला आलेय?"

त्या आल्या. त्यांच्या मागोमाग त्यांचे यजमान, मग पहिला जिना, मग चौथा जिना. "तुम्ही वर बसा", "छे, छे, तुम्ही" असं म्हणत म्हणत सगळं अंगण पडद्यामागे येऊन दाटीवाटीने बसलं. पुढे फक्त तिलेक राहिला, कारण यंत्र तिकडे होतं.

साहेबांचं भाषण झालं. सिनेमा सुरू झाला. दिव्यांच्या लखलखाटात आमच्यासमोर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: "उत्स्फूर्त संस्कृती विभाग आपले मनःपूर्वक स्वागत करीत आहे." आम्ही ते पाहत होतो. पलीकडून घोड्यांच्या टापा ऐकू येत, कोणी भांडत होतं, कोणी गात होतं. साहेब हसले की आम्ही हसत होतो.

आणि मग एक कोकरू ओरडलं.

"माझं कोकरू!" आपा ताडकन उठल्या. "अरे, हा माझा पूल! मी आले, मी आलेय तिकडे!" आणि त्या फलकाच्या निळ्या अक्षरांवर हात फिरवायला लागल्या.

"खाली बसा, आपा," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "फोटो चाललेत."

"डोंबलाचा फोटो!" आपांनी स्टूल उचललं आणि बघता बघता त्या पडद्याच्या पलीकडे गेल्या.

आता पंचाईत झाली. ज्येष्ठ माणूस उठलं की सगळ्यांनी उठायचं, ही आमची रीत. काहीजण उठलेही. साहेबांनी हात वर केला.

"बसा! तोर माणसात नसतो, खुर्चीत असतो. आणि खुर्ची इथेच आहे."

हे इतकं पटण्यासारखं होतं की सगळे बसले. एकजण तर आपांच्या रिकाम्या खुर्चीवरच बसला.

पलीकडून आपांचा आवाज आला. "गेली का रे? आली आणि गेलीसुद्धा?"

"थांबा आपा, सिनेमा मागे घेतो," तिलेक म्हणाला.

कोकरू पुन्हा ओरडलं. मग काहीच आवाज नाही. माझा जीव नुसता कासावीस झाला.

"अगं बाई..." आपा म्हणाल्या. "ही मी? किती वाळलीय पोर! कोणी खायला दिलं की नाही हिला? आणि तोरा बघा केवढा! परत दाव."

पुन्हा कोकरू. आपा हसत होत्या, की रडत होत्या, फलक मध्ये असल्यामुळे नीट कळेना. "परत दाव रे राजा!" पुन्हा कोकरू. फलक मागे लावल्याने पडदा जाड झाला होता आणि चित्र फारच सुरेख उमटलं, असं तिलेकने नंतर सांगितलं.

मला जावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाटलं. अर्धा उठलोही होतो. पण दंतवैद्य बाई माझ्या खुर्चीकडे टक लावून बघत होत्या. मी बसलो.

कार्यक्रम यशस्वी झाला. विभागाला शाबासकी मिळाली, आमचा फोटो छापून आला. त्यात मी स्पष्ट ओळखू येतो. सिनेमा कसा होता असं कोणी विचारलं, की आमचं अख्खं अंगण एका सुरात सांगतं, "अप्रतिम!"

तुम्ही हसताय. हसा. मागच्या त्या समारंभात तुम्हाला पहिल्या रांगेत, सोफ्यावर बसवलं होतं ना? तिथून काय दिसलं, ते मी विचारत नाही.

जागा चांगली होती ना? माझीही चांगली होती.