बापूराव वकिलांची विमानाची पाळी

बापूराव वकिलांना कुणी दाव्याचा खर्च विचारला, तर ते रुपये सांगत नसत. "विमानाचं एक चाक," म्हणत. बांधाचा साधा दावा असला तर चाक. भावाभावांतली वाटणी असली तर एक पंख. आणि प्रकरण अपिलात हैदराबादेपर्यंत जाणार असं दिसलं, की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि शांतपणे सांगत, "इंजिन गेलं तुमचं."

मुखेडकडून, देगलूरकडून आलेला पक्षकार बिचारा गोंधळून जायचा. मग बापूराव त्याला समजावीत. तुम्ही दोघं भाऊ हातभर बांधासाठी जेवढा पैसा अदालतीत घालाल, तेवढ्यात एक छोटं विमान येतं. जुनं येईल, पण उडणारं येईल. निम्मे पक्षकार हे ऐकून दुसऱ्या वकिलाकडे जात. उरलेले घरी जाऊन भावाशी बोलत आणि परत येतच नसत. अशानं त्यांची वकिली चालायची कशी, हे मला कधी कळलं नाही.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं होती. नांदेडात निजामाच्या टांकसाळीचे हाली रुपये चालत, अदालतीचे कागद उर्दूत असत. गावावरून वर्षातून एखाददुसरं विमान जायचं, आणि बायका हातातलं टाकून अंगणात यायच्या. ते विमान एकतर सरकारचं नाहीतर इंग्रजाचं, असं सगळे धरून चालत. बापूरावांना हे पटत नसे. ते म्हणत, टांगासुद्धा एके काळी जहागीरदारांच्याच दारात उभा असायचा. आज आपण त्यातून बाजाराला जातो आणि वर भाड्यावरून घासाघीसही करतो.

ते पन्नाशीचे होते. लग्न केलेलं नव्हतं. उन्हानं तांबूस पडलेली काळी शेरवानी, हातात छत्री, आणि घरी स्वतःच्या हातची भाकरी. त्यांच्या अंगणात एक मोठा कडुलिंब होता. श्रावणात पंचमीला गल्लीतल्या लेकीसुना झोका खेळायच्या, तो त्या लिंबावर. झोका बांधायचं काम बापूराव दुसऱ्या कुणाला करू देत नसत. स्वतः शिडी लावून चढायचे, दोराला गाठ मारायचे, स्वतः लोंबकळून बघायचे. वकील माणूस शेरवानीसकट लोंबकळतोय हे बघायला पोरं जमायची.

माझा त्यांच्या विमानाशी संबंध आला तो आडामुळे. आमच्या गल्लीत सहा घरांत मिळून एक आड होता. उन्हाळ्यात पाणी तळाला जायचं आणि घागरींची हाणामारी व्हायची. त्यावर पाळी लावून द्यायचं काम माझ्याकडे होतं. कुणाच्या लग्नातली भांडी असोत की तेराव्याची पानं, यादी करायची झाली की लोक माझ्याकडे येत. मला त्यात अवघड काही वाटत नसे. कोण, काय, कधी आणि किती, एवढंच तर लिहायचं असतं.

एका वैशाखात बापूराव हैदराबादेहून अपिलाचं काम आटोपून आले ते थेट आमच्या ओट्यावर. हैदराबादेत त्यांनी हौशी लोकांच्या विमान-मंडळाचं मैदान पाहिलं होतं.

"नबाबाचा पोरगा बाकड्यावर बसला होता, वहिनी," ते म्हणाले. "पाळीची वाट बघून राहिला होता. मंडळाची विमानं दोन आणि सभासद ढीगभर. नबाबाला एकट्याला परवडत नाही, तिथं तुम्ही-आम्ही एकट्यानं कशाला घ्यायचं? आडासारखं घेऊ. पाळी तुम्ही लावा."

मी त्यांना व्यवहाराचं विचारलं. विकत घेणं एक वेळ जमेल, गल्लीत माडीचं घर बांधायला लागतं तेवढ्यात जमेल म्हणता. पण ठेवणार कुठं? चालवणार कोण? तेल कुणी भरायचं? मोडलं तर? नुसतं उभं राहिलं तरी ते खाणारच की.

त्यांच्याकडे सगळ्याची उत्तरं तयार होती. ठेवायचं नदीकडच्या माळावर, छपराखाली. चालवायला शिकलेला माणूस महिन्यानं ठेवायचा, तो सगळ्यांत मिळून. तेल ज्याची पाळी त्यानं भरायचं, कारण आडावरही ज्यानं-त्यानं आपापला दोर आणायचा असतो. दुरुस्ती मात्र सगळ्यांच्या वर्गणीतून, कारण आडातला गाळही आपण सगळे मिळूनच काढतो. आडाचे हे सगळे नियम मीच लावून दिले होते.

घरं सहा आणि वार सात. सातव्या वाराला बापूरावांनी गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या खलील मास्तर शिंप्यांचं नाव सांगितलं. खलील मास्तरांकडे पाणी भिश्ती पखालीतून आणून देई. आडाला त्यांचा हात लागत नसे. ते मशिनीवरून मान वर करून म्हणाले, "आडाच्या पाळीत माझं नाव नाही, वकीलसाब. विमानाच्या पाळीत कसं काय?"

"विमानाला सोवळं नसतं," बापूराव म्हणाले.

खलील मास्तरांनी मशिनीवरचा दोरा तोडला. मग म्हणाले, शुक्रवार सोडून कुठलाही वार लिहा.

एवढं झाल्यावर बापूरावांनी आपली एकच अट सांगितली. वर्षातले बाकीचे दिवस कुणीही कसेही वाटून घ्या, श्रावणातली पंचमी तेवढी माझ्या नावावर ठेवा.

तोवर विमान ही वकिलांची गंमत होती. पंचमीचं नाव निघालं आणि गल्लीला विमान एकदम खरं वाटू लागलं. पंचमीला लेक माहेरी आली पाहिजे. पण श्रावणात आमच्याकडची काळी जमीन गाडीची चाकं गिळते, ओढे तट्ट भरतात, आणि सासरी गेलेल्या निम्म्या पोरींची पंचमी सासरच्या उंबऱ्यातच होते. वरून जायला मिळालं तर ना चिखल, ना ओढा.

शेजारच्या यमुनाबाई, शाळामास्तरांच्या मंडळी, पहिल्यांदा आल्या. त्यांची लेक मुखेडला दिलेली. त्यांचं म्हणणं, आडाला सणाचे दिवस पाळीतून वेगळे काढतात, तसेच विमानाचेही काढा, आणि पंचमी आम्हाला द्या. पाठोपाठ पोशट्टी आले. ते धान्याचे व्यापारी, मूळचे देगलूरचे, आणि तीन लेकी तिकडंच दिलेल्या. त्यांनी पंचमीचा आख्खा दिवस मागितला.

"विमानात जागा एक," यमुनाबाई म्हणाल्या. "तुमच्या तिघी आणस्तोवर पंचमी सरून षष्ठी लागंल की."

"अय्यो, लेकी तीन हैत तर मी काय करू? एकीला आणतो अन् दोघींना ठेवतो म्हणून सांगू?"

"मग तेल तिप्पट भरा."

"भरतो. तुम्ही वर्गणी तर भरा आधी."

वर्गणी कुणीच भरलेली नव्हती. विमान हैदराबादेतसुद्धा कुणी आपल्यासाठी बघून ठेवलेलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी आडाच्या रहाटावरून पोशट्टींचा दोर काढून खाली टाकला. पोशट्टींच्या घरच्यांनी यमुनाबाईंच्या पाळीच्या वेळेला आडाभोवती जोंधळा वाळत घातला. वैशाखाचं ऊन, आडात कमरेइतकं पाणी, आणि बायका एकमेकींशी बोलेनात. तान्ह्या लेकराच्या घरीसुद्धा घागर रिकामी राहिली. मला फार राग आला. मी सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं.

सगळे जमले. यमुनाबाईंनी बापूरावांकडे तोंड केलं. "आम्हाला लेकी हायेत म्हणून आम्ही भांडतो. तुम्हाला बायको न्हाई, लेक न्हाई. पंचमीला तुम्ही कुणाला आणणार, वकीलसाहेब?"

दोघीतिघी हसल्या. बापूरावांनी चष्मा काढला, शेरवानीच्या टोकानं पुसला आणि परत लावला. मला वाटलं, आता ते इंजिन कुणाचं गेलं ते सांगतील.

"माझी पाळी सोडली," ते म्हणाले. "तुम्ही दोघं वाटून घ्या. आडावर भांडू नका."

आणि ते उठून आत गेले. ज्याच्यासाठी एवढं सगळं मांडलं, तो दिवसच त्यांनी देऊन टाकला. मग विमानात राम उरला नाही. दोन दिवसांत पोशट्टींचा दोर रहाटावर आला आणि जोंधळा उचलला गेला.

श्रावण लागला. मी चोळीचं कापड टाकायला खलील मास्तरांकडे गेले, तर मशिनीवर एक हिरवी खणाची चोळी तयार होती. कुणाची, म्हणून विचारलं.

"वकीलसाबच्या आक्काची," ते म्हणाले. "दर पंचमीला एक शिवून देतो. माप विचारलं की म्हणतात, जुनंच घ्या."

वकिलांना आक्का आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मग खलील मास्तरांनी सांगितलं. आई लवकर गेली, आक्कानं बापूरावांना वाढवलं. तिला इस्लापूरच्या पुढं, सहस्रकुंडाच्या धबधब्याच्या अंगाला दिली. लग्न होऊन निघाली तेव्हा बापूराव एवढेसे होते, तिच्या गाडीमागं धावले, आणि पंचमीला तुला न्यायला येतो, म्हणाले. पण तिकडं पेरणी उरकेपर्यंत तिला हलता येत नाही, आणि पेरणी उरकली की नदीनाले हलू देत नाहीत. एकही पंचमी तिला माहेरची मिळाली नाही. थंडीत कधीमधी दोन-चार वर्षांनी भेट व्हायची, तीही बापूरावच तिकडं गेले तर. चोळी मात्र दरसाल पंचमीला शिवून पेटीत पडायची आणि वाट सुकली की कुणाबरोबर तरी जायची.

त्या पंचमीला बापूरावांनी नेहमीसारखा झोका बांधला. लोंबकळून बघितला. पोरी खेळायला आल्या तसे ते छत्री घेऊन नदीकडे निघून गेले. ते दर वर्षी तसंच जात. आम्हाला वाटायचं, बायकांत पुरुष माणूस कशाला म्हणून जातात.

मी घरी येऊन विचार केला. विमान आणता येत नाही. नदी हलवता येत नाही. पेरणी पुढं ढकलता येत नाही. मग हलवण्यासारखं राहतं काय? दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, आक्कांना निघायला सोयीचं कधी पडतं?

"मार्गशीर्षात," ते म्हणाले. मला आक्कांचं कुणी सांगितलं, ते त्यांनी विचारलं नाही. "पण तेव्हा पंचमी कुठली, वहिनी?"

मी म्हटलं, पंचमी दर पंधरवड्याला येते. आपणच एक धरतो.

यमुनाबाई मोडता घालतील असं मला वाटलं होतं. मी त्यांना आक्कांचं सांगितलं. त्या पदराला हात पुसत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मार्गशीर्षातल्या पंचमीला आमच्या माहेरी नागाचे दिवे करतात. म्हंजे ती बी पंचमीच की." आणि पंचमीला उकडायच्या दिंडांचं पुरण आपल्याकडे लागलं, असं सांगून त्या आत गेल्या. लाह्यांसाठी जोंधळा पोशट्टींनी दिला.

मार्गशीर्षात आक्का बैलगाडीनं आल्या. साठीच्या, ठेंगण्या, चांगल्या अंगानं भरलेल्या. गाडीतून उतरायच्या आधीच त्यांनी अंगावरच्या हिरव्या चोळीकडे बोट दाखवून भावाला झापलं. "मी का अजून तेवढीच हाय व्हय रे? उसवून दोन पट्ट्या लावल्या तवा घातली." कोपऱ्यावर खलील मास्तर मान खाली घालून हसत होते.

थंडी कडाक्याची होती. वारुळाला दूध वाहिलं, पण नाग बिळात झोपलेला असणार. लिंबाची पानं पिवळी पडलेली. त्या झाडाला झोका बघून रस्त्यानं जाणारी माणसं थांबत होती. आक्का आधी नाही-नाही म्हणाल्या, म्हातारपणी काय हे, म्हणाल्या, आणि मग पदर खोचून पाटावर उभ्या राहिल्या. बापूराव त्या दिवशी नदीकडे गेले नाहीत. शेरवानी काढून त्यांनी भिंतीवर टाकली आणि मागं उभं राहून झोका दिला. एकदा, दोनदा, मग जोरात. बायका फेर धरायचं विसरून बघत राहिल्या.

वरून आक्का म्हणाल्या, "बापू, तुझं त्ये इमान कितीला पडतं रे?"

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. चाक, पंख, इंजिन, आता सगळं येणार.

"लई पडतं, आक्का," ते म्हणाले. "तू दोर घट्ट धर."

त्या आठ दिवस राहिल्या आणि गेल्या. गाडी गल्लीच्या तोंडातून वळेपर्यंत बापूराव तिथं उभे होते. मग सावकाश परत आले, लिंबावर चढले आणि दोर सोडून, गुंडाळून आत घेऊन गेले. पुढं पक्षकारांना ते रुपयांत खर्च सांगू लागले. त्यानं वकिली थोडी वाढली, असं लोक म्हणत.

पुढच्या श्रावणात पाऊस धो-धो होता. झोका बांधून झाल्यावर भिजलेली छत्री ओट्यावर टेकवून बापूराव माझ्यापुढं उभे राहिले. मग इकडं-तिकडं बघत त्यांनी विचारलं, "वहिनी, मार्गशीर्षातली पंचमी यंदा कुणाच्या पाळीत धरलीय?"

"तुमच्या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. छत्री उचलली, दोन पावलं गेले आणि वळले.

"खलील मास्तरांना नवं माप देऊन ठेवलंय," ते म्हणाले, आणि पावसात निघून गेले.