बंकटची सख्खी बहीण

बंकटच्या खव्याच्या भट्टीवर मजूर हा शब्दच चालत नसे. "आमच्याकडं समदे घरचेच," असं तो केजच्या बाजारात छाती फुगवून सांगायचा. आणि त्यात खोटं तरी काय होतं? भट्टीवरच्या बाया त्याला दादा म्हणायच्या, पोळ्याला त्याच्याच ओसरीवर पुरणपोळी खायच्या. आता घरच्या माणसांसाठी कोण कायदे बघत बसतं!

तर अशा या घरच्यांतल्याच मनकर्णाचा हात उकळत्या दुधानं भाजला. बंकट हळहळला, त्यानं स्वतः हळद आणून दिली. पण भट्टी काय कुणासाठी थांबते? चौथ्या दिवशी तो खाली मान घालून म्हणाला, "मनकर्णाबाई, हात बरा होईस्तोवर येऊ नका. दुसरी बाई बघितलीय मी."

"मग मी खाऊ काय, दादा? तुमीच सांगा."

तेवढ्यात भट्टीच्या दारात जीप थांबली आणि कामगार अधिकारी उतरले.

"किती मजूर आहेत कामाला?"

"एक बी न्हाई, साहेब. समदे घरचे."

साहेबांची नजर मनकर्णाच्या बांधलेल्या हातावर गेली. "आणि या कोण?"

बंकट घाईघाईनं म्हणाला, "ही? ही माझी सख्खी बहीण."

नुसती बहीण म्हणाला असता तरी भागलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला थांबायचं कुठं ते कळत नाही. "आईबापामागं मीच हाय तिला. दवाखाना, खाणंपिणं, समदं माझ्याकडंच," असंही तो बोलून गेला. शेजारच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांनी ते कान देऊन ऐकलं. "पुढच्या महिन्यात येईन, तेव्हा ताईंचा हात कसा आहे बघतो," म्हणून साहेब गेले.

सुटलो म्हणत बंकट संध्याकाळी घरी आला, तर ओसरीवरच्या बाजेवर मनकर्णा बसलेली. पायाशी कपड्यांची पिशवी. बायको केसरबाई तिला वरणभात कालवून देत होती.

"डाक्टर म्हणले, आराम कर," मनकर्णा म्हणाली. "आजारी बाई माहेरीच आराम करती की, दादा. तू चार लोकांत बहीण म्हणलास."

सकाळचं 'तुमी' संध्याकाळी 'तू' झालं होतं.

"आगं, ते साहेबासमोर..."

"मला नणंद हाय हे साहेबाकडून कळावं व्हय?" केसरबाई म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं, पण ती काही हसली नाही.

मनकर्णानं घास गिळला. "आईबाप गेल्यापासून मला माहेर न्हवतं. भाऊ तर कधीच न्हवता."

मलम लावायला केसरबाईनं पट्टी सोडली. हात कोपरापर्यंत सोलून निघाला होता. बंकटनं इतक्या दिवसांत तो एकदाही नीट पाहिला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सकाळीच तो केजला वकिलाकडं गेला. सगळं ऐकून वकील कपाळाला हात लावून म्हणाले, "कामगार म्हणाला असतास, तर औषधपाणी अन् कायद्यानं होईल ती भरपाई देऊन रीतसर निभावलं असतं. बहिणीला माहेरातून काढायचं कलम कुठल्याच कायद्यात न्हाई."

"तिचं ऱ्हाऊ द्या, साहेब. ती ऱ्हाती माझ्याकडं," बंकट म्हणाला. मग खुर्ची पुढं ओढून हळूच बोलला, "पर बाकीच्या बायांना आजच्या आज मजूर करून टाका. त्यातल्या दोघींना भाऊ न्हाई."