नियम क्रमांक सहा आणि विश्राम मास्तरांचा दोर

तारखा तिथीने देतो, कारण भरती-ओहोटी इंग्रजी महिने पाळत नाही.

माघ शुद्ध चतुर्थी: आमच्या आळीच्या मित्रमंडळाने खाडीवर मासे गरवण्याची स्पर्धा जाहीर केली. जबाबदार, मंडळाचे अध्यक्ष नंदकुमार. माघ शुद्ध नवमी: स्पर्धेचे नियम छापून घरोघर वाटण्यात आले, त्यांत नियम क्रमांक सहा. जबाबदार, मसुदा करणारा इसम, म्हणजे प्रस्तुत लेखक. माघी पौर्णिमा, दुपारची भरती: विश्राम मास्तरांस कर्ण्यावरून सर्वांदेखत घरी धाडण्यात आले. जबाबदार, स्पर्धेचे पंच. हे देशावरून बदलून आलेले बँकेतले गृहस्थ असून त्यांनी मासा आजवर फक्त ताटात पाहिला आहे.

फिर्याद नोंदवली. आता माणूस सांगतो.

विश्राम मास्तर दोराची पारख ओठांनी करतात. मासे धरण्याचा जो नायलॉनचा पारदर्शक दोर, ज्याला आपण तंगूस म्हणतो, तो विकत घेताना ते दुकानातच रीळ सोडतात, हातभर दोर दोन ओठांत धरून डोळे मिटून सावकाश ओढतात आणि निकाल देतात. एकदा दुकानदार कळवळून म्हणाला, "मास्तर, उष्टं झालं की हो सगळं!"

"उष्टं मासा खाईल. तुमी कशाला जिवाला लावून घेताय?"

मास्तर शिंपी. उभा जन्म सुईत ओवण्यापूर्वी दोरा ओठांत ओला करण्यात गेला, त्यामुळे बोटांपेक्षा ओठ शहाणे झाले, असे त्यांचे म्हणणे. बाजारपेठेत तयार कपड्यांची दुकाने झाली, गिऱ्हाईक आटले, तेव्हा त्यांनी मशीनवर चादर घातली आणि सारी विद्या गळाकडे वळवली. आमच्या दोन आवारांमध्ये चिऱ्याचा एक गडगा आहे. त्या गडग्यापलीकडे गेली काही वर्षे जे चालले आहे, त्याचा मी साक्षीदार आहे, अधूनमधून पीडितही.

जिवंत कोळंबी गरीला, म्हणजे दोराच्या टोकाच्या आकड्याला, लावणे मास्तरांना कमीपणाचे वाटते. ते खोटी आमिषे घडवतात. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तरंगता मासा, दांडा कापलेल्या स्टीलच्या चमच्याचे चकाकते पान, कोंबड्याच्या पिसांचा झुपका. प्रत्येकाचे माप जुन्या मापाच्या वहीत गिऱ्हाइकाप्रमाणे लिहिलेले आहे: 'पांगारा, लांबी चार, छाती दीड, पाठीस बाक.' आणि प्रत्येकाचा दोर वेगळा, शिलाईच्या रिकाम्या रिळावर गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवलेला. "आधी कापड बगा, मग दोरा," हे त्यांचे ब्रीद. लाकडी मासा पाण्यावर चालायचा, त्याला जाड दोर, म्हणजे तो माशाला नाकाने खाली ओढत नाही. चमचा खोल जायचा, त्याला बारीक. पिसांना सर्वांत मऊ, "नायतर पीस श्वासच घेत नाय, भाऊसाहेब." आणि कोणतेही आमिष असो, गरीजवळचा शेवटचा वीतभर तुकडा मात्र जाडच, कारण खाडीतल्या जिताड्याच्या गालाला पात्यासारखी धार असते. "काजाच्या कडेला दुहेरी टाका घालतो, तसा."

गरी मात्र ते साधी लोखंडाची वापरीत, बहुधा तांबेरलेली. बंदरावरची मंडळी त्यावरून त्यांची टर उडवीत. मास्तर हसून पुढची गाठ मारीत.

दोराची ताकद पाहण्यासाठी ते आमच्या सोनचाफ्याच्या फांदीला पाण्याचे डबे टांगत. परवानगी विचारलेली नव्हती. एके दिवशी अशाच एका दोराच्या गरीत माझा कोर्टात घालायचा काळा कोट अडकून खिसा फाटला. मी शेजारच्या घरी रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली. एकवीस दिवसांची मुदत दिली. तिसऱ्या दिवशी गडग्यावर कोट हजर. खिसा असा शिवलेला की फाटला होता कुठे ते शोधावे लागले, आणि खिशात चिठ्ठी: 'नोटीस पोचली. कोट कमरेत सैल होता, तोपण घेतला.' प्रकरण मी निकाली काढले.

आता नियम क्रमांक सहा. चाळीस वर्षे कोर्टात कारकुनी केलेला मनुष्य म्हणून मंडळाने मसुदा माझ्याकडे दिला. मी लिहिले: 'सर्व स्पर्धकांनी मंडळाने पुरविलेला एकाच जाडीचा दोर व एकाच बनावटीची गरी वापरावी.' समान संधीचे तत्त्व एका वाक्यात बसले, याचा मला अभिमान वाटला. मंडळाने बारीक तंगुसाचे एक भेंडोळे आणले आणि सोबत कल्हई केलेल्या चकचकीत गऱ्या.

नवमीच्या संध्याकाळी मास्तर छापील कागद घेऊन गडग्याशी आले.

"भाऊसाहेब, हा सहावा काढा."

"का म्हणून?"

"हा दोर बोयटासारख्या बारक्या माशाचा आहे. उधाणाला जिताडा येतो. तो ह्याला दात पण लावायचा नाय, नुसता गाल घासून जाईल."

"सर्वांचाच तुटेल. म्हणजे अन्याय कोणावरही नाही."

"तुमच्या कोर्टात सगळ्यांना एकाच मापाचा कोट घालतात काय?"

"मास्तर, तुम्हांला जिंकायचे आहे, ते सरळ सांगा."

त्यांनी कागदाची घडी घातली. "तसं समजा," म्हणाले आणि गेले. मी तसेच समजलो. हा माझा पहिला निष्कर्ष, आणि तो चुकीचा होता.

पौर्णिमेला धक्क्यावर गर्दी लोटली. पहिल्या बक्षिसाची स्टीलची कळशी टेबलावर झळकत होती. भरती चढली, मासा लागू लागला, आणि दोर तुटू लागले. दोर तुटला की कर्ण्यावरून नंदकुमार ओरडे, "गेला, गेला! मावशीकडे जेवायला गेला!" आणि लोक हसत. मीही हसलो, हे नमूद करतो.

मास्तरांनी आपला गळ पाण्यात टाकलाच नाही. ते खिशातून जाड दोराचे वीतवीतभर तुकडे काढून एकेका स्पर्धकाकडे जात होते. "बाबा, एवढा गरीजवळ बांद. मी देतो गाठ मारून. कळशी तूच घे, पण एवढा बांद."

"मास्तर, बाजूला व्हा, माझा मासा जाईल!"

"जातोय तो पण काय घेऊन जातोय?"

कोणी ऐकले नाही. पंचांनी छापील कागद पाहिला आणि 'स्पर्धेत अडथळा' या सदराखाली त्यांना बाद ठरवले. नंदकुमारने ते जाहीर केले ते असे: "टेलर मास्तरांना विनंती, आपण घरी जाऊन बटणे लावावीत!" हशा उसळला. मास्तरांनी उरलेले तुकडे नीट गुंडाळून खिशात ठेवले आणि चिखल चुकवीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तो बदनामीच्या नोटिशीचा कच्चा मसुदा घेऊन. मास्तर ओटीवर बसले होते. मी सहा मुद्दे वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"सात तुटले," ते म्हणाले.

"काय सात?"

"दोर. सात गऱ्या गेल्या, भाऊसाहेब. कल्हईच्या. माझी लोखंडाची निदान गंजून गळून तरी पडते हो. ही पडायची नाय लवकर. तो मासा आता ती तोंडात घेऊन फिरणार. भूक लागणार, समोर खाणं दिसणार, आणि गिळता नाय येणार."

मी मसुद्याची घडी घातली. म्हणालो, "मासाच तो, मास्तर."

"होय की. मासाच." त्यांनी हातातले रीळ बाजूला ठेवले. "आमच्या हिला शेवटचे तीन महिने पेजसुद्धा उतरत नव्हती. मुंबईला नेऊन आणली, तुमाला ठाऊक आहे. तुमच्याकडून डबा यायचा. ती उघडायची, वास घ्यायची, परत झाकण लावायची. आणि मला म्हणायची, 'चांगलं झालंय म्हणून सांगा त्यांना.'"

तो निरोप आम्हांला दर वेळी मिळत असे. आमच्या स्वयंपाकघरात त्याचे कौतुक होत असे, आणि दुसऱ्या दिवशीचा डबा अधिक चवीचा करून पाठवला जात असे.

मास्तरांनी विषय बदलला. पावसाळ्याआधी चाफ्याची एक फांदी छाटावी लागेल, असे म्हणाले. मी बरे म्हटले आणि घरी आलो. नोटीस धाडू नये, असे त्यांनी दारातून सांगितले. ती मी धाडलेली नाही.

परंतु काल मंडळाचा अहवाल हाती आला. त्यात 'स्पर्धा निर्विघ्न पार पडली' असे वाक्य असून, पुढील वर्षीही हीच स्पर्धा 'त्याच नियमांनुसार' होईल, असे जाहीर केले आहे. सबब हा मजकूर लिहीत आहे, आणि अध्यक्ष व पंच या दोघांस जाहीर प्रश्न विचारीत आहे. त्या दुपारी तुटलेल्या दोरांची नोंद अहवालात का नाही? सात गऱ्या पाण्यात कोणाच्या तोंडी गेल्या, याची आपणांस कल्पना होती काय? आणि जो एकमेव मनुष्य त्या माशांना वाचवण्यासाठी हात जोडीत फिरत होता, त्याला कोणत्या कलमाखाली हसण्यावारी नेले?

उत्तर मला खाजगीत नको, लेखी नको. येत्या रविवारी भरतीच्या वेळी धक्क्यावर यावे आणि लोकांसमोर उभे राहून द्यावे. नियम मी लिहिला. तो चुकीचा होता, आणि हे मी त्या ठिकाणी सर्वांआधी सांगणार आहे. त्यानंतर पाळी आपली.