कडेनं धरायची सीडी

हिंगणमाळात लग्नाची सीडी गोल राहत नाही. कपाटात साड्यांच्या घडीखाली जपून ठेवली तरी ती संसाराप्रमाणे आकार बदलते. कुणाची लांबट होते, कुणाची चौकोनी, कुणाच्या सीडीला एका अंगाने बटाट्यासारखा कोंब फुटतो. जिची बरीच वर्षं गोलच्या गोल राहिली तिच्याकडे शेजारणी काळजीनं बघतात. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसणार, असं धरून चालतात.

ज्यांची लग्नं सीडी निघायच्या आधी झाली, त्यांना पालिकेनं मागाहून करून दिली. म्हाताऱ्या जोडप्यांना ओळीनं उभं केलं, अंतरपाट धरला, अक्षता टाकल्या, सीडी काढली. त्यांच्याही सीड्या बाकीच्यांसारख्याच वागायला लागल्या.

आकार बदलला की वरचं लेबल सुरकुततं, नावं पुसट होतात आणि ती नव्यानं छापून घ्यावी लागतात. दोन्ही नावं, सारख्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येतील अशी. तसा नियम आहे. सीडीवर ज्याचं नाव उरलं नाही, त्याला त्या घरातलं धरत नाहीत. बाई असली तर पालिकेची जीप तिला माहेरी पोचवते. पुरुषाला माहेर नसतं, म्हणून त्याला धर्मशाळेत एक खाट मिळते.

ही नावं छापायचं काम सुगंधा तांबट करते. पिठाच्या गिरणीला लागून तिचं दुकान आहे आणि तिचं तोंड गिरणीपेक्षा मोठं आहे. तिनं प्रिंटर आणला तेव्हा तो फक्त गोल सीडी घ्यायचा. ट्रेमध्ये गोल खळगा, खळग्याच्या मधोमध खुंटी. सीडीचं भोक खुंटीत बसलं तरच मशीन तिला आत ओढायचं. मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "बाई, जगात सीडी गोलच असते." सुगंधा म्हणाली, "मग जगाचं लग्न अजून व्हायचं असेल."

सासरा पातेली ठोकायचा, ती ट्रे ठोकायला लागली. पितळेचा पत्रा घ्यायचा, त्यावर सीडी ठेवून खिळ्यानं रेघ ओढायची आणि लाकडी हातोडीनं तेवढाच खळगा पाडायचा, भोकाच्या जागी खुंटी ठोकायची. दुकानाच्या भिंतीवर असे ट्रे टांगलेले आहेत. आंब्याच्या कोयीसारखा एक, चपलेच्या तळासारखा एक. एक अगदी बांगडीएवढा. त्या जोडीतला नवरा परगावी असतो आणि दोघं फोनवर फार कमी बोलतात.

ट्रे बसला म्हणून मशीन घेतंच असं नाही. नवखा आकार दिसला की ते बुजतं. म्हणून आधी पापड घालायचा. उडदाचा कच्चा पापड त्याच आकाराचा कापायचा, ट्रेमध्ये ठेवायचा नि आत सोडायचा. पापडावर नावं नीट उमटली की मशीनची भीड चेपते, मग सीडी घालायची. छापलेला पापड भाजून नवरा-बायकोनं तिथंच अर्धा अर्धा खायचा. शाई खायच्या रंगाची असते. त्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही.

त्या दिवशी सुगंधानं दुकान उघडलं तर दारात दामोदर तात्या शेटे बसलेले. जकात नाक्यावर फाटक वरखाली करण्यात ह्या माणसाचा जन्म गेला. एका हातानं त्यांनी बायकोचं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेली सीडी होती.

"सुगंधा, आज मुजावर साहेब येणार," तात्या म्हणाले. मुजावर साहेब म्हणजे पालिकेचे आकार निरीक्षक. "त्यांच्या आधी हे काम झालं पायजे."

तिनं रुमाल सोडला. आत चंद्रकोर होती. बीजेच्या चंद्रापेक्षा थोडी जाड, एवढंच. मधलं भोकसुद्धा झिजून नाहीसं झालेलं.

"हे काय करून ठेवलंत, तात्या?"

"मी काय करणार? हिची बाजू झिजली. हिला मी आठवत नाही आता. मला 'अहो पाव्हणं' म्हणते. रोज सकाळी म्हणते, आलाच आहात तर चहा घेऊन जा."

"देते तरी का चहा?"

"देते की. साखर जास्त टाकते. पाव्हण्याला टाकतात तशी."

भागीरथीबाई हसून म्हणाल्या, "गुणी आहेत हो पाव्हणे. जातच नाहीत."

सुगंधानं कोर उजेडात धरली. एक नाव मावेल, दुसऱ्याला जागा नव्हती, हे तिला बघताक्षणी कळलं. तिनं ते तोंडावर आणलं नाही.

"काकूंचं माहेर कुठलं?"

"वडजाई. पण तिथं कोण आहे? भाऊ गेले. घर पडलं. चुलीच्या जागी बाभळ उगवलीय." तात्यांचा आवाज खाली गेला. "जीप हिला त्या बाभळीखाली उतरवेल. पोच द्यायला माणूस नाही, म्हणून पावतीऐवजी बाभळीचा पाला घेऊन परत येतील. मागच्या गल्लीतल्या आनसाबाईचं तसंच केलं."

"करतात बरे! मी इथं काय माशा मारायला बसलेय?" सुगंधा म्हणाली आणि तिनं पत्रा काढला.

खळगा पाडायला वेळ लागला नाही. कोरीची टोकं नाजूक होती, तिथं तिनं हातोडी टाकून नुसत्या अंगठ्यानं पत्रा दाबला. ट्रे झाला, पापड कापला, आत सोडला. मशीननं पापड अर्धा ओढला, घुटमळलं आणि लहान पोरानं औषध थुंकावं तसा बाहेर टाकला. तिनं पुन्हा घातला. पुन्हा थुंकला. लाल दिवा लागला.

"मेल्या, चपलेचा तळ घेतलास, कोय घेतलीस, नि आताच कसली रे लाज वाटते तुला?" ती मशीनला म्हणाली. मग तात्यांकडे वळली. "भोक नाही ना हिला. खुंटीत अडकवायचं काय? कुठं धरायचं ते त्याला कळत नाही, म्हणून घाबरतंय."

भागीरथीबाईंनी खाली पडलेला पापड उचलला, दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

"कुणी लाटलेत गं हे?"

"मीच, काकू."

"कडा जाड राहिल्यात. मनगटात जोर न्हाई तुझ्या."

"पितळ ठोकते मी, काकू!"

"पितळाला जोर लागतो, पापडाला मन लागतं." मग त्यांचं लक्ष ट्रेवर गेलं. "हा मधे खिळा कशाला?"

"धरायला."

"पापड कुणी मधे धरतं होय? फाटेल की. कडेनं धरावा. तोही गच्च धरू नये."

तात्यांनी बायकोच्या मनगटाकडे पाहिलं आणि आपली बोटं जरा सैल केली.

सुगंधानं कानस घेऊन खुंटी घासून काढली. कोरीच्या कडेकडेनं बारीक तारेच्या आकड्या बसवल्या, पापड आपल्या जागी राहील पण दबणार नाही अशा. पापड पुन्हा सोडला. मशीन थोडा वेळ गप्प बसलं. लाल दिवा विझला, हिरवा लागला आणि पापड सुळकन आत गेला.

बाहेर आला तेव्हा त्यावर "दामोदर" असं ठसठशीत उमटलं होतं, पुढं "भागी" आणि बाकीची अक्षरं ट्रेच्या पितळेवर.

"अक्षर बारीक कर," तात्या म्हणाले.

तिनं केलं. दोन्ही नावं मावली, पण तिळाएवढी झाली. सुगंधानं ती डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. मुंग्या चालल्यात की नावं आहेत, सांगता येईना. चष्म्याशिवाय मुजावर साहेबांना काय दिसणार, कपाळ?

तात्यांनी पापड तिच्या हातातून घेऊन ट्रेमध्ये परत ठेवला.

"असं कर," ते म्हणाले. "हिचं तेवढं छाप. मोठं. माझं नको."

"आणि तुम्ही?"

"मी धर्मशाळेत जाईन. खाट देतात म्हणे, चादरपण देतात. मी तिथनं रोज सकाळी येईन ना पाव्हणा म्हणून. हिला फरक कळणार नाही."

"रात्री काकू उठून दार उघडून निघाल्या तर कोण आडवं येईल?"

तात्या रिकाम्या रुमालाच्या घड्या घालायला लागले. फाटक आडवं करायचं कामच त्यांनी आयुष्यभर केलेलं, पण धर्मशाळेतून ते कसं करणार?

"गप बसा मग," सुगंधा म्हणाली. तिचे डोळे चुरचुरत होते, म्हणून ती जास्तच जोरात बोलत होती. "म्हणे माझं नको! नावं छापायला मी बसलेय, खोडायला नाही. काकू, तुम्हीच सांगा. नाव काय घालू तुमचं?"

"माझं?" भागीरथीबाईंनी पदर सारखा केला. "ठकी."

तात्यांनी मान वर केली. "कोण?"

"ठकी. मी."

"हिचं नाव भागीरथी आहे," तात्या सुगंधाला म्हणाले, जणू दुकानात काही चूक होत होती.

"ते कुणी ठेवलं?"

"माझ्या आईनं. लग्नात. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं मी, आईनं सांगितलं ते."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी ह्या कोण होत्या?"

तात्यांनी बायकोकडे पाहिलं. गिरणी चालू होती, तिचा आवाज दुकानात भरून राहिला.

"विचारलं नाही कधी?"

"विचारायचं असतं, हे ठाऊक नव्हतं," तात्या म्हणाले. "आणि तसंही मी हिला नावानं कधी हाक मारली नाही. 'अगं' म्हणायचो. तेवढ्यावर भागलं."

पालिकेनं सीड्या काढल्या तेव्हा नावं पुरुषांना विचारून घातली होती. साऱ्या हिंगणमाळात हेच झालेलं. सुगंधाची सासू सीडीवर रुक्मिणी होती आणि मरताना दुसऱ्याच कुणाला तरी हाका मारत गेली. ती स्वतःलाच हाका मारत होती, हे सुगंधाला आत्ता, ह्या घडीला कळलं. तिनं नाक पुसलं आणि नवा पापड कापायला घेतला.

कोरीच्या जाड भागात "दामोदर" बसलं. निमुळत्या टोकाला "ठकी" बसलं, अक्षर तेवढंच मोठं, आणि पुढं थोडी जागासुद्धा उरली. मग सीडी घातली. मशीननं ती कडेकडेनं धरली, एकदाही न अडखळता.

भागीरथीबाईंनी भाजलेला पापड मोडला आणि मोठा तुकडा तात्यांना दिला. "घ्या पाव्हणं. भूक लागली असेल."

मुजावर साहेब आले ते घाम पुसत. स्टुलावर बसले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि सीडी हातभर लांब धरली.

"दामोदर," त्यांनी वाचलं. "ठकी. अक्षर सारखं. ट्रेला खुंटी नाही?"

"कडेनं धरलंय," सुगंधा म्हणाली.

"त्याला हरकत नाही. धरण्याबद्दल नियम नाही. पण ही ठकी कोण? शेटेंच्या घरात भागीरथी आहे. आमच्याकडं तसंच आहे."

"तुमच्याकडचं चुकलंय."

"असं कसं म्हणता, बाई? पालिकेकडं चुकलं तर खरं काय ते ठरवायचं कुणी?"

"जिचं नाव तिनं. साहेब, हाक मारून बघा. 'ओ' दिली तर नाव तिचं, नाही दिली तर न्या तिला तुमच्या जीपनं. पण मग मीपण बसते जीपमध्ये, आणि वडजाईपर्यंत तोंड बंद ठेवणार नाही, सांगून ठेवते."

मुजावर साहेबांनी विचार केला. ते भले गृहस्थ होते आणि सुगंधाचं तोंड त्यांना माहीत होतं. शिवाय हाक मारण्याविरुद्ध नियम नव्हता.

"भागीरथीबाई," त्यांनी हाक मारली.

ती रस्त्यावरच्या शेळीकडे बघत होती.

"भागीरथीबाई शेटे."

शेळी निघून गेली, तशी ती गिरणीकडे बघायला लागली. तात्यांनी डोळे मिटून घेतले.

"ठकी," मुजावर साहेब म्हणाले.

"ओ!" ती म्हणाली, शाळेत पहिल्या बाकावरून द्यावी तशी खणखणीत, आणि उठून उभी राहिली.

साहेबांनी चष्मा घातला. "आहे," ते म्हणाले. "हजर आहे. जीप लागणार नाही." जाताना दारात थांबून ते हळूच सुगंधाला म्हणाले, "बाई, सवडीनं आमचीपण आणून दाखवतो. आमच्या घरात नाव विचारलेलं नाही."

"आधी विचारा, मग या," सुगंधा म्हणाली.

तात्यांनी सीडी पुन्हा रुमालात बांधली. दोघं पायऱ्या उतरली. ह्या वेळी त्यांनी मनगट धरलं नाही, बाजूनं नुसता हात ठेवला. पाचसहा पावलांवर ती थांबली. सुगंधा दारात उभी राहून बघत होती. गिरणीवाला पट्टा बदलत होता, म्हणून बोलणं ऐकू येत होतं.

"ठकी," तात्या चाचरत म्हणाले. नवख्या गावात पत्ता विचारावा तसे. "चल. ऊन होतंय."

"चल काय, चल! मी ठकी. तू कोण?"

"मी... दामोदर."

हे नाव तिनं आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही कुणी दार अडवलं तर. तिनं ते तोंडात घोळवून पाहिलं.

"लांबडं आहे," ती म्हणाली. "मी दाम्या म्हणेन. चालेल?"

तात्या भर रस्त्यात उभे राहिले. एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांना वळसा घालून गेला.

"चालेल," ते म्हणाले.

"मग चल, दाम्या. मला घर दाखव."