माफीवरचा कर

बँकेचं पत्र हेझलनं उभ्या उभ्याच वाचलं, तान्ह्या मेबलला डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतलं आणि पुन्हा वाचलं. हेझल कॉलेजात होती तेव्हा कर्ज देताना बँकेनं तिच्या गळ्यात एक विमाही मारला होता. नोकरी गेली तर हप्ते भरणारा विमा. आणि हेझलला तेव्हा नोकरीच नव्हती. आता बँकेनं चूक कबूल करून पैसे व्याजासकट परत केले होते आणि त्या व्याजातून एकशेवीस पौंड आयकर कापला होता.

"आधी फसवलं, मग माफी मागितली, आणि माफीवरचा कर भरायचा मी," ती नवऱ्याला, कर्टिसला म्हणाली.

बाळंतपणाच्या रजेमुळे तिची कमाई इतकी थोडी होती, की आयकर खात्याकडे अर्ज केला तर ते एकशेवीस परत मिळणार होते. स्वयंपाकघरात रोज तळं करणारं वॉशिंग मशीन त्यातूनच बदलायचं होतं.

"अर्जाचं टेन्शन घेऊ नकोस," कर्टिस खुशीत म्हणाला. "एक कंपनी सगळं करते. तू सहीसुद्धा केलीस. सकाळी मेबलला पाजताना मी फोन पुढे धरला, तू बोट फिरवलंस, आठवतं?"

"आणि ते घेणार किती?"

"निम्मे. पण त्रास नाही गं."

हेझलनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि करार वाचला. करार पुढच्या शुक्रवारपर्यंत रद्द करता येत होता, पण फक्त फोनवरून. नवीन गिऱ्हाईक असाल तर एक दाबा, रद्द करायचं असेल तर चार. सोमवारी तिनं चार दाबला आणि वाट बघणाऱ्यांसाठीची बासरी सुरू झाली.

बासरी वाजता वाजता खांद्यावरची मेबल झोपली. जन्मल्यापासून ग्रिम्सबी गावातल्या अर्ध्या गल्लीला जागं ठेवणारी मेबल. हेझल श्वास रोखून बसली. पाऊण तासानं पलीकडे कुणीतरी "हॅलो" म्हटलं, बासरी थांबली, आणि मेबलनं असा टाहो फोडला की पलीकडच्या मुलीनं काही ऐकू येत नाही म्हणून फोन ठेवला.

मंगळवारी हेच. बुधवारी आणि गुरुवारीही हेच. बसल्या बसल्या हेझल त्यांना काय काय सुनवायचं ते मनात जुळवत राही, आणि रोज त्यात दोन शब्द वाढत. ते शब्द तिच्या आईसमोर बोलण्याजोगे नव्हते.

शुक्रवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सासूबाई डोरीन आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नातीला उचललं.

"पोराला बोटं मोजून दहा दिली मी," त्या म्हणाल्या. "अक्कल द्यायची राहिली. पोरी, तू भांड. मी हिला समुद्रावर नेते, तिथे सीगल पक्ष्यांशी ओरडू दे."

अखेर फोन लागला. पलीकडच्या मुलीनं नाव विचारलं, करार रद्द केला आणि आणखी काही मदत हवी का विचारलं. हेझलनं छाती भरून श्वास घेतला.

"नाही," ती म्हणाली. "थँक्यू. सॉरी हं, तुम्हाला त्रास दिला."

मग ती बराच वेळ गळक्या मशीनकडे रागानं बघत बसली.

तिनं अर्ज स्वतःच भरला. एकशेवीस पौंड आले, पूर्ण. नवं मशीन आलं, फरशी कोरडी झाली. फक्त मेबल झोपेना. कर्टिसनं बासरीची चाल गुणगुणून पाहिली, तर ती जास्तच रडली. तिसऱ्या दिवशी हेझलनं एका हातानं बाळ सावरत कंपनीचा नंबर फिरवला आणि घाईत चारऐवजी एक दाबला.

घंटा पुरती वाजलीही नाही.

"नमस्कार, कशी मदत करू?"

मेबल किंचाळली. आणि इतके दिवस जुळवून ठेवलेलं सगळं हेझलच्या तोंडून एका दमात बाहेर पडलं, आईसमोर न बोलण्याजोगे शब्द धरून.

"माणसाला जरा ताटकळत ठेवायची रीत आहे की नाही तुमच्यात?" शेवटी ती म्हणाली. "लावा ती बासरी."