गोपिकेची वीज आणि चंद्रभानजींचा कूलर

माझा प्रयोग फसत नाही! सतरा वर्षं मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आहे. घंटा वाजायची म्हटली की वाजते, दिवा लागायचा म्हटला की लागतो. म्हणून मी अख्ख्या गल्लीसमोर छातीठोकपणे सांगितलं, "येत्या रविवारी या. पंधरा मिनिटांत सिद्ध करून दाखवते, गोपिकेच्या अंगात काहीही शिरलेलं नाही!"

इतक्या मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. पण गोष्टच तशी झाली होती.

साल पंच्याऐंशी, महिना एप्रिल. नागपुरातल्या आमच्या गल्लीत टीव्ही एकच, चंद्रभानजींकडे. रविवारी सकाळी दहाला त्यावर एक मालिका लागायची. तिच्या नायकावर वीज पडते, पण तो मरत नाही. उलट त्याच्या बोटांतून ठिणग्या निघू लागतात. त्या ठिणग्यांनी तो मोटारी थांबवतो, तिजोऱ्या उघडतो, गुंडांना भिंतीला चिकटवून ठेवतो. गल्लीनं त्याचं नाव ठेवलं होतं करंटवाला. माणसाला एवढी वीज लागली तर मागे फक्त पंचनामा उरतो, असं मी दर रविवारी म्हणायची आणि दर रविवारी कोणीतरी मला "श्शू!" करायचं.

टीव्हीची काच पुसण्याचा मान गोपिकेचा. गोपिका म्हणजे शेजारच्या रुख्माबाईंची नऊ वर्षांची नात. टीव्ही सुरू झाला की ती पुढे व्हायची आणि फ्रॉकच्या घेरानं काच लख्ख करायची. त्या रविवारी तिच्या अंगात जरीपटक्याच्या बाजारातून आणलेला नवाकोरा नायलॉनचा फ्रॉक होता. पडद्यावर करंटवाला नेमका बोट रोखून उभा होता. गोपिकेनं काच चांगली घासून पुसली, वळली, आणि मागे बसलेल्या शेजारच्या बाबनरावांच्या हातातल्या स्टीलच्या पेल्याला हात लावला.

चट्! निळी ठिणगी! पेला जमिनीवर, पाणी बाबनरावांच्या धोतरावर!

"बाप्पा!" बाबनराव किंचाळले. "करंटवाला पोट्टीच्या आंगात आला!"

चालू टीव्हीच्या काचेवर स्थिर वीज साठते. हवा कोरडी, कापड नायलॉनचं, पायांत रबरी चप्पल. नववीतली मुलगीसुद्धा याचं कारण सांगेल. पण विचारतं कोण?

सोमवारी बाबनराव टॉर्चचे तीन संपलेले सेल घेऊन आले. "पोरी, जरा हात लाव वं. भरले त भरले!" समोरच्या इंदूबाईंनी दुखरा गुडघा पुढे केला. एक गृहस्थ बंद पडलेला रेडिओ घेऊन आले. आणि आमचं दुर्दैव असं, की सायकलवरून येताना बसलेल्या हादऱ्यांनी तो तिच्यासमोरच सुरू झाला!

मोठ्यांची करमणूक झाली. लहानांची मात्र पाचावर धारण बसली. संध्याकाळी गोपिका माझ्या दारात आली. दोन्ही हात काखेत दाबून धरलेले.

"मॅडम, कौसल्या माह्यासंगं फुगडी नाही खेळत. म्हणते, तुझा हात धरला का मी जळून जाईन."

"अगं, असं काही होत नसतं."

"मले माहीत आहे. तिले सांगा ना!"

कौसल्या ही तिची जिवाभावाची मैत्रीण. चार दिवस दोघी एकमेकींकडे दोन टोकांच्या ओट्यांवरून नुसत्या बघत होत्या. मला ते बघवलं नाही. म्हणून तो छातीठोकपणा.

घरी मी सहा वेळा तालीम केली. कंगवा केसांतून फिरवला की कागदाचे कपटे टुणकन उडी मारून चिकटत. फुगा लोकरीच्या चिंधीवर घासला की पालीसारखा भिंतीवर बसून राही. एप्रिलमधलं नागपूर म्हणजे स्थिर विजेचं माहेर! इथे टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो.

रविवार उजाडला. साडेनऊला चंद्रभानजींच्या हॉलमध्ये तीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. मॅडमचा कार्यक्रम म्हणून चंद्रभानजींच्या पत्नीनं, पुष्पलताबाईंनी, खास व्यवस्था केली होती. कूलरला वाळ्याची नवी ताटी, टाकी काठोकाठ भरलेली, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद!

"तुम्हाले घाम नाही आला पाहिजे मॅडम!"

मी त्यांचे आभार मानले. हो, मानले!

कंगवा काढला. केसांतून दहा वेळा फिरवला. कपट्यांजवळ नेला. कपटे ढिम्म! वीस वेळा फिरवला. कपटे जेवून झोपल्यासारखे पडून! फुगा घासून भिंतीला लावला, तर तो सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलेल्या शिपायासारखा घसरत घसरत खाली आला.

"मॅडम, केसाले तेल जास्त झालं काय?" इंदूबाईंनी कळवळून विचारलं.

"त्या भिंतीचा रंगच खराब आहे," चंद्रभानजींनी माझी बाजू घेतली.

मी हुकमी एक्का काढला. बाबनरावांना टेरिलिनच्या शर्टाच्या बाहीनं चालू टीव्हीची काच पुसायला लावली. "आता पेल्याला हात लावा. ठिणगी उडेल. म्हणजे ती कोणाच्याही हातून उडते!"

बाबनरावांनी डोळे मिटून हात लावला. काही नाही. पेला उचलला. काही नाही. शेवटी त्यातलं पाणी पिऊन टाकलं.

"पाहा!" ते विजयानं म्हणाले. "मले नाही आला! म्हंजे पोट्टीतच आहे!"

एवढ्यात दारात गोपिका आली. पुष्पलताबाईंनी तिला गच्चीवरच्या वाळलेल्या साड्या आणायला पाठवलं होतं. नाकापर्यंत नायलॉनच्या साड्यांचा ढीग, पायांत रबरी चप्पल, बाहेरच्या रणरणत्या उन्हातून थेट उंबऱ्यावर.

"मॅडम, मी येऊ काय?"

मी साड्या घ्यायला वाकले. तिनं बोट वर केलं.

चट्! थेट माझ्या नाकाच्या शेंड्यावर!

"आई गं!" मी ओरडले. सतरा वर्षांत प्रथमच.

"मॅडमच वरडल्या!" बाबनराव उठून उभे राहिले. "आता आनखी कोनता पुरावा पायजे?"

कौसल्या झटकन आईच्या पाठीमागे गेली. गोपिकेनं ते पाहिलं. साड्या टाकून तिनं हात पुन्हा काखेत दडवले, आणि तिचे डोळे भरून आले.

आणि तेव्हा, फार उशिरा, माझ्या गालाला कूलरचा ओला वारा जाणवला.

"कूलर बंद करा!" मी म्हणाले. "हवा दमट झाली आहे, म्हणून इथे वीज साठत नाही!"

मी एक-एक किडनी मागितल्यासारखे तीस चेहरे माझ्याकडे वळले.

"मॅडम," चंद्रभानजी शांतपणे म्हणाले, "पोरीत करंट रायला तरी चालन. कूलर बंद नाही होनार!"

तेव्हा कोपऱ्यातून रुख्माबाई उठल्या. "काहून बंद करता गा? राहू द्या चालू. पोरीले इकडं आना."

त्यांनी नातीला कूलरपुढे बसवलं आणि टाकीतलं ओंजळभर पाणी तिच्या फ्रॉकवर शिंपडलं.

"उमरेडले तीस वर्सं मागावर बसली मी. उन्हाळ्यात रेशीम असंच करे. तटतट वाजे, हाताले चिपके. मंग आमी मागाखाली पानी शिंपडो. ओल लागली का गुमान बसे. पोरगी काय रेशमाहून येगळी आहे?"

पाच मिनिटांनी गोपिकेनं पेल्याला हात लावला, बाबनरावांना लावला, माझ्या नाकाला दोनदा लावला. काही नाही!

"रुख्माबाई, हे आधी काहून नाही सांगितलं?" माझीही भाषा बदलली होती.

"तुमी पंधरा मिनिटं मांगितले होते ना. म्हटलं, होऊ द्या मॅडमचे पुरे."

"म्हंजे करंट पोट्टीतून निघाला," बाबनरावांनी निष्कर्ष काढला, "आन रुख्माबाईत गेला!"

दमट हवेतून वीज कशी निसटते ते समजावण्यासाठी मी तोंड उघडलं. रुख्माबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

"राहू द्या मॅडम. पोरीतून निघाला म्हनते ना तो? मंग झालं."

मी तोंड मिटलं. तेवढ्यात मालिकेचं संगीत सुरू झालं आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बसा ना खाली, दिसत नाही!"

मी अंगणात आले. गोपिका हात पुढे करून उभी होती. कौसल्या तिच्यापासून दोन पावलांवर, अजून विचारात.

"पहिले मॅडमले धर," कौसल्या म्हणाली. "मॅडम नाही जळल्या, त मी येतो."

शास्त्रीय दृष्टीनं अट अगदी रास्त होती. मी पदर खोचला, गोपिकेचे हात धरले आणि चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा फुगडी घातली. एक फेरी, दोन फेऱ्या, चार! कौसल्या माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. धूर निघतो का, जळका वास येतो का.

"नाही जळल्या!" ती ओरडली आणि हात पसरून धावत आली. "आता माही पाळी!"

गोपिकेनं त्याच क्षणी माझे हात सोडले आणि तिचे धरले. दोघी गरागरा फिरू लागल्या, हसत, किंचाळत, आठवडाभराची उधारी फेडत. मी मात्र अजून फिरतच होते.

वर्तुळात फिरणारी वस्तू सुटली की स्पर्शरेषेच्या दिशेनं सरळ जाते, हे मी दरवर्षी नववीच्या मुलींना शिकवते. त्या दिशेला पुष्पलताबाईंच्या कुरडया वाळत होत्या.